गरोदरपणात तातडीच्या उपचारांत दिली जाणारी वेदनाशामके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदर स्त्री असह्य दुखते म्हणून कॅज्युअल्टीत येते तेव्हा दोन टोकाच्या गोष्टी घडताना दिसतात. एकतर "बाळाला काही व्हायला नको" म्हणून तिला काहीच दिले जात नाही, किंवा इतर रुग्णांना देतात तीच डायक्लोफिनॅकची सुई सवयीने टोचली जाते. या दोन्हींच्या मधला मार्ग पुरेसा रुंद आहे आणि तो नवाही नाही. त्याबद्दल रुग्ण, नातेवाईक, आशाताई आणि नव्याने रुजू झालेले डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. औषधांची प्रमाणे दिली आहेत ती उपचार समजावेत म्हणून. घरच्या घरी औषध ठरवण्यासाठी त्यांचा वापर करू नये.

औषध देण्यापेक्षा थोडे सहन करणे बाळासाठी चांगले नाही का?

नाही. तीव्र वेदनेत आईच्या शरीरात ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो, श्वास उथळ व जलद होतो आणि गर्भाशयाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होऊ शकतो. दुखण्यामुळे ती खात नाही, पाणी पीत नाही, झोपत नाही. बरगडी मोडलेली स्त्री दुखते म्हणून खोल श्वास घ्यायचे टाळते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणजे वेदना तशीच ठेवण्यातही धोका आहे. औषधाचा धोका मोजताना तोही तराजूत टाकावा लागतो.

औषधांची ही भीती उगाच आलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. १९५७ पासून युरोपात विकल्या गेलेल्या थॅलिडोमाइडमुळे हजारो मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली आणि १९६१ मध्ये ते औषध बाजारातून काढून घेण्यास सुरुवात झाली. त्यानंतर गर्भवतीला औषध देताना जगभरचे डॉक्टर कचरू लागले, ते योग्यच झाले. परंतु त्या धड्याचा अर्थ "कोणतेच औषध नको" असा नव्हता, "माहीत असलेले औषध द्या" असा होता.

आल्या आल्या "कितवा महिना?" असे विचारतात आणि उत्तर दिले तरी पुन्हा पाळीची तारीख का विचारतात?

कारण वेदनाशामकाची निवड आठवड्यांवर ठरते आणि आपण महिन्यांत बोलतो. "पाचवा चालू आहे" या उत्तराचा हिशेब चार आठवड्यांच्या महिन्याने केला तर ती सोळा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान असते. कॅलेंडरच्या महिन्याने केला तर जवळजवळ बावीस आठवड्यांपर्यंत असू शकते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गटासाठी महत्त्वाची सीमारेषा नेमकी विसाव्या आठवड्याची आहे. म्हणजे "पाचवा" म्हणणारी स्त्री त्या रेषेच्या अलीकडेही असू शकते आणि पलीकडेही. "डोहाळजेवण झालं" हे उत्तरही पुष्कळदा मिळते; त्यातून अंदाज येतो, पण सातव्यात व्हायचे ते घरच्यांच्या सोयीने मागेपुढे होते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, किंवा त्याहून चांगले म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद, हा खरा आधार आहे. माता व बाल संरक्षण कार्ड पर्समध्ये ठेवण्याचा आग्रह याचसाठी असतो.

जिला गरोदर असल्याचे ठाऊकच नाही तिचे काय, हा पुढचा प्रश्न आहे. प्रजननवयातील स्त्री पोटदुखीने आली की लघवीची तपासणी आधी करून घेणे हा नियम आहे. त्यात कुणाच्या चारित्र्याविषयी शंका नसते. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला दुखणे, चक्कर येणे किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणे ही गर्भनलिकेतल्या गर्भधारणेची लक्षणे असू शकतात आणि तेथे वेदनाशामकाइतकीच घाई शस्त्रक्रियेच्या तयारीची असते.

पॅरासिटामॉल खरोखर सुरक्षित आहे का? किती घ्यावे?

गरोदरपणाच्या तिन्ही तिमाहींत वेदना आणि ताप या दोन्हींसाठी ते पहिल्या पसंतीचे औषध आहे. नेहमीचे प्रमाण एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम. यकृताचा आजार, सततच्या उलट्या किंवा उपासमार असेल तर ही मर्यादा खाली आणावी लागते.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे हमखास निसटते, ती म्हणजे वजन. ५० किलोपेक्षा कमी वजनाच्या स्त्रीला शिरेतून पॅरासिटामॉल देताना ते दर किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने द्यायचे असते. शिरेतून देण्याच्या बाटलीत १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम औषध असते. समजा स्त्रीचे वजन ४२ किलो आहे. तिला ६३० मिलिग्रॅम, म्हणजे ६३ मिलिलिटर एवढेच हवे. पण बाटली एकदा स्टँडला टांगली की ती रिकामी होईपर्यंत कोणी काढत नाही. त्यामुळे उरलेले ३७ मिलिलिटर आधीच काढून टाकावेत आणि मगच बाटली लावावी. औषध साधारण पंधरा मिनिटांत जाऊ द्यावे. गोळी गिळता येत असेल, उलट्या नसतील, तर बाटलीचा हट्ट धरण्याचे कारण नाही. "सलाईनमधून दिलं की जास्त लागू पडतं" हा समज पॅरासिटामॉलच्या बाबतीत बराचसा मनाचा आहे. शिरेतून दिल्याने परिणाम लवकर सुरू होतो, इतकेच.

पॅरासिटामॉलमुळे मुलाला ऑटिझम होतो अशी बातमी ऐकली. ते खरे आहे का?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तसा इशारा दिल्यावर ही भीती घराघरांत पोहोचली. जागतिक आरोग्य संघटना आणि युरोपीय औषध नियामक संस्था या दोघांनीही त्यानंतर स्पष्ट केले की असा कार्यकारणसंबंध सिद्ध करणारा पुरावा नाही. काही निरीक्षणांत सौम्य संबंध दिसला होता हे खरे. पण ज्या बाईने पॅरासिटामॉल घेतले तिला ताप, संसर्ग, अर्धशिशी असे काहीतरी होते म्हणूनच तिने ते घेतले, आणि त्याचा परिणाम वेगळा काढणे अवघड असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केली, म्हणजे एका वेळी आईने औषध घेतले होते आणि दुसऱ्या वेळी घेतले नव्हते, तेव्हा तो संबंध उरला नाही. गरज असेल तेव्हा, गरजेपुरते, कमीत कमी दिवस घ्यावे, हा जुना सल्ला कायम आहे. अंगात १०२–१०३ ताप असताना गोळी न घेणे हा त्या सल्ल्याचा अर्थ नव्हे, कारण विशेषतः पहिल्या तिमाहीतला तीव्र ताप हाच बाळाला अपायकारक ठरू शकतो.

डायक्लोफिनॅकची सुई किंवा आयबुप्रोफेन का नको? मला तर आधी त्यानेच बरे वाटायचे.

बरे वाटायचे हे खरेच आहे. मुतखडा, सांधे, दात, पाळीचे दुखणे यांवर हा गट फार प्रभावी आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसेक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, नायमेसुलाइड हे सगळे एकाच कुटुंबातले. ही औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होण्यापासून रोखतात, म्हणून सूज आणि दुखणे कमी होते. अडचण अशी की गर्भातील बाळाला तीच द्रव्ये दोन कामांसाठी लागतात.

पहिले काम मूत्रपिंडाचे. साधारण विसाव्या आठवड्यापासून गर्भजलाचा मोठा भाग हा बाळाची लघवीच असतो. औषधामुळे बाळाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटला तर लघवी कमी होते आणि गर्भजल आटू लागते. असे सहसा काही दिवसांच्या वापरानंतर दिसते, क्वचित दोन दिवसांतही दिसले आहे, आणि औषध थांबवल्यावर बहुधा पाणी पुन्हा भरते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये याच कारणासाठी विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे टाळण्याचा इशारा दिला. दुसरे काम हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीचे. गर्भात बाळाची फुप्फुसे कामाला लागलेली नसतात, त्यामुळे रक्त त्यांना वळसा घालून या वाहिनीतून जाते. ती जन्मानंतर बंद व्हायची असते. शेवटच्या तिमाहीत, विशेषतः तिसाव्या आठवड्यानंतर, या औषधांनी ती गर्भातच आक्रसू शकते आणि बाळाच्या हृदयावर ताण येतो.

विसाव्या आठवड्याआधी बंदी इतकी कडक नाही. तरीही गर्भधारणेच्या सुमारास ही औषधे घेतल्यास गर्भपाताचा धोका काहीसा वाढतो का, याबद्दल अभ्यासांत एकवाक्यता नसल्याने पॅरासिटामॉलने भागत असेल तर तेच बरे. वीस ते तीस आठवड्यांच्या मध्ये तज्ज्ञाने विचारपूर्वक, कमीत कमी प्रमाणात, थोड्या काळासाठी दिले तर ती गोष्ट वेगळी. दोन दिवसांच्या पुढे गेल्यास सोनोग्राफीने पाणी पाहावे. मात्र "दुखतंय ना, मग एक सुई देऊन टाका" या सवयीला येथे जागा नाही.

घरी असलेल्या कोणत्या गोळ्यांमध्ये हे औषध असते, ते कसे ओळखायचे?

गोळीच्या नावावरून ओळखता येत नाही, हीच खरी पंचाईत आहे. क्रोसिन आणि डोलो यांच्या साध्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन असते. झेरोडॉलमध्ये ॲसेक्लोफिनॅक असते. मेफ्टाल स्पास ही "पोटात कळ आली की घ्यायची" गोळी म्हणून मुलींच्या दप्तरापासून परिचित असते. तिच्यात मेफेनॅमिक ॲसिड असते, आणि गरोदरपणात पोटात कळ आली की हात तिच्याकडेच जातो. डिस्प्रिनमध्ये पूर्ण मात्रेतील ॲस्पिरिन असते. अर्धशिशीसाठी दिल्या जाणाऱ्या वासोग्रेनमध्ये अर्गोटामिन असते, जे गर्भाशयाला आकुंचन आणते आणि रक्तवाहिन्या आवळते. ते गरोदरपणात पूर्णपणे वर्ज्य आहे.

त्यातही भर म्हणजे औषधाच्या दुकानात पट्टी कात्रीने कापून दोन गोळ्या देण्याची पद्धत. कॅज्युअल्टीत पर्समधून चंदेरी कागदाचा चौकोनी तुकडा बाहेर येतो, त्यावर नावाचे मधलेच दोन अक्षर आणि किमतीचा अर्धा आकडा असतो, बाकी मजकूर दुकानातल्या उरलेल्या पट्टीवर राहिलेला असतो. "पांढरी लांबट गोळी होती" एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. गोळ्या सुट्या घेतल्या तर घटकाचे नाव कागदावर लिहून मागावे, किंवा दुकानातच पूर्ण पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

माहीत नसताना अशी एखादी गोळी किंवा सुई घेऊन झाली आहे. आता काय?

घाबरू नये. एखाद्या डोसाने बाळाला गंभीर इजा होण्याची शक्यता फार कमी असते आणि त्यासाठी गर्भपाताचा विचार करण्याचे तर काहीच कारण नाही. पुढचा डोस घेऊ नये, औषधाचे नाव व वेळ लिहून ठेवावी आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगावे. विसाव्या आठवड्यानंतर दोन-तीन दिवस सलग घेतले असेल तर सोनोग्राफी करून पाणी पाहून घ्यावे. ज्यांनी औषध दिले त्यांच्याशी भांडण्यात तो दिवस घालवण्यापेक्षा हे अधिक उपयोगाचे आहे.

रक्तदाबासाठी इकोस्प्रिन चालू आहे. तेही ॲस्पिरिनच ना, मग बंद करू का?

बंद करू नये. ७५ ते १५० मिलिग्रॅम ही लहान मात्रा आहे आणि ती गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाचा विकार टाळण्यासाठी बाराव्या आठवड्याच्या सुमारास मुद्दाम सुरू केलेली असते. वेदनेसाठी घेतल्या जाणाऱ्या ॲस्पिरिनशी तिची गल्लत करू नये. ती केव्हा थांबवायची हे प्रसूतितज्ज्ञ ठरवतील. मात्र ती चालू असल्याचे कॅज्युअल्टीत सांगावे.

दुखणे असह्य असेल तर मॉर्फिन देतात. त्याने बाळाला व्यसन लागेल का?

एक-दोन दिवस दिलेल्या मॉर्फिन किंवा फेंटानिलने बाळाला सवय लागत नाही. नवजात बाळाला औषध सुटल्याचा त्रास होतो तो आईने अनेक आठवडे सतत घेतल्यास. हाड मोडणे, भाजणे, सिकलसेल या रक्ताच्या आजारातला वेदनेचा झटका, शस्त्रक्रियेला नेण्याआधीची पोटदुखी अशा प्रसंगी अल्पकाळासाठी ही औषधे योग्य आहेत. देण्याची रीत महत्त्वाची आहे. एकदम मोठी मात्रा न देता शिरेतून थोडे थोडे, मॉर्फिन असेल तर दोन-अडीच मिलिग्रॅम, देऊन काही मिनिटे थांबायचे, वेदना किती उरली हे तिलाच विचारायचे आणि गरज असल्यास पुन्हा द्यायचे. सोबत श्वासाचा वेग, ऑक्सिजनचे प्रमाण आणि गुंगी पाहत राहायची. उतारा म्हणून नॅलोक्सोन हाताशी असावे. प्रसूती काही तासांतच होणार असेल तर बालरोगतज्ज्ञाला आधी कळवावे, कारण बाळ जन्मताना सुस्त असू शकते आणि त्याला श्वासासाठी मदत लागू शकते.

ट्रॅमाडॉल, फोर्टविन आणि पेथिडिन यांचे काय?

लहान रुग्णालयांत मॉर्फिन पुष्कळदा नसतेच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखालील नोंदी आणि परवानग्यांचे ओझे नको म्हणून अनेकजण ते ठेवत नाहीत. २०१४ च्या दुरुस्तीने वाट बरीच सोपी केली असली तरी सवय लवकर बदलत नाही. मग कपाटात जे असेल ते वापरले जाते. ट्रॅमाडॉल नाइलाजाने एखाद्या वेळेस चालू शकते, पण ते पहिल्या पसंतीचे नाही. त्याने मळमळ फार होते, फिट येण्याची प्रवृत्ती असलेल्या स्त्रीला ते देऊ नये, आणि मळमळीसाठी सोबत दिलेले ऑन्डान्सेट्रॉन त्याचा वेदनाशामक परिणाम कमी करू शकते. २०१८ पासून तेही याच कायद्याच्या कक्षेत आले आहे. पेंटाझोसिन, म्हणजेच फोर्टविन, फेनरगन या गुंगी आणणाऱ्या औषधासोबत देण्याची जुनी पद्धत आपल्या प्रसूतिगृहांत घट्ट बसली आहे. त्यात वेदना कमी होण्यापेक्षा गुंगीच जास्त येते, असे या लेखकाचे मत आहे. पेथिडिन हे मॉर्फिनच्याच गटातले; त्याचा शरीरात तयार होणारा अवशेष नवजात बाळाच्या अंगात दोन-तीन दिवस रेंगाळतो, आणि पुन्हा पुन्हा दिल्यास आईलाही फिट येऊ शकते. तातडीच्या विभागात त्याच्याऐवजी मॉर्फिन किंवा फेंटानिल बरे.

सिकलसेल असलेल्या गरोदर स्त्रीला झटका आला तर काय करावे?

या प्रश्नावर अधिक लिहिणे भाग आहे, कारण नंदुरबार, धुळे, पालघर, मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यांत हा रोजचा प्रश्न आहे. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या इतरही काही समाजांत हा आजार आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत. त्यामुळे पुष्कळ स्त्रियांना आपला आजार ठाऊक असतो आणि कार्डही सोबत असते. तरीही दारात आल्यावर तिच्या वेदनेवर विश्वास ठेवला जात नाही, ही जुनी तक्रार आहे. झटक्यात बाहेरून काही दिसत नाही. सूज नसते, जखम नसते. बाई मांड्या आणि पाठ धरून कण्हत असते. कोयत्याच्या आकाराच्या झालेल्या रक्तपेशी लहान रक्तवाहिन्यांत अडकून हाडांचा रक्तपुरवठा तुटल्याने ही वेदना होते आणि ती हाड मोडल्याच्या वेदनेहून कमी नसते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतर, झटके वाढतात.

ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्ण आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिले वेदनाशामक पोहोचले पाहिजे. सौम्य झटक्यात पॅरासिटामॉल पुरते. मध्यम किंवा तीव्र झटक्यात मॉर्फिन द्यावे आणि दर वीस ते तीस मिनिटांनी वेदनेची पुन्हा विचारपूस करावी. पेथिडिन या आजारात टाळावेच, कारण फिट येण्याचा धोका असतो. विसाव्या आठवड्यानंतर डायक्लोफिनॅकही नको. एरवी सिकलसेलमध्ये ते सर्रास दिले जात असल्याने ही चूक फार सहज होते. शरीरातील पाणी कमी झाले असेल तर ते भरून काढावे, पण सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवू नयेत. फुप्फुसांत पाणी साचू शकते. ऑक्सिजन कमी असेल तरच द्यावा. ताप, खोकला, छातीत दुखणे आणि घसरणारे ऑक्सिजन हे चौघे एकत्र दिसले तर तो साधा झटका नव्हे, छातीतला गंभीर प्रकार असू शकतो. तिला जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे लगेच हलवावे. हलवण्याआधी वेदनाशामक द्यावे. धडगावहून नंदुरबारपर्यंतचा घाटरस्ता हाडे दुखत असताना रुग्णवाहिकेत कसा जातो, हे त्या रस्त्याने गेलेल्यांनाच कळेल.

तपासणीआधी वेदनाशामक दिले तर निदान झाकले जाते ना? सर्जन येईपर्यंत थांबावे का?

थांबू नये. ही शिकवण हाताने पोट दाबून निदान करण्याखेरीज दुसरे साधन नव्हते त्या काळातली आहे. पोटदुखीत मॉर्फिनसारखी औषधे आधी दिल्याने चुकीच्या निदानाचे प्रमाण वाढत नाही, असे एकत्रित अभ्यासांतून दिसले आहे. उलट वेदना थोडी कमी झाली की रुग्ण पोट सैल सोडते आणि तपासणी नीट होते. गरोदरपणात प्रसूतीशी संबंध नसलेली जी पोटाची शस्त्रक्रिया सर्वाधिक वेळा तातडीने करावी लागते ती अपेंडिक्सची. गर्भाशय वाढत जाते तसे अपेंडिक्स वर सरकू शकते, त्यामुळे दुखणे नेहमीच्या जागी असेलच असे नाही. येथे बाळाला खरा धोका वेदनाशामकाचा नसतो, अपेंडिक्स फुटण्याचा असतो. म्हणून औषध द्यावे, सोनोग्राफी करावी आणि सर्जनना बोलवावे. औषध देऊनही दुखणे पुन्हा पुन्हा उसळत असेल तर ती गोष्टच नोंद करण्यासारखी आहे.

मुतखड्याच्या कळा येत आहेत. डायक्लोफिनॅक नको तर काय देणार?

शिरेतून पॅरासिटामॉल, पुरले नाही तर थोडे मॉर्फिन, उलटीसाठी औषध आणि पाणी. ड्रोटाव्हेरिन आणि बस्कोपॅन ही पेटके सैल करणारी औषधे आपल्याकडे सवयीने दिली जातात. खड्याच्या वेदनेत त्यांचा उपयोग मर्यादित आहे, आणि त्यांच्या आशेवर खरे वेदनाशामक लांबवू नये. तपासणी सोनोग्राफीनेच सुरू करावी. गरोदरपणात उजव्या मूत्रपिंडात थोडी सूज दिसणे स्वाभाविक असते, त्यामुळे अहवालातल्या त्या एका ओळीवरून खडा आहे असे ठरवू नये. बहुतेक खडे शस्त्रक्रियेविना पडतात. ताप आणि थंडी वाजून आली तर मात्र तो अडलेला जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याला थांबायला वेळ नसतो.

डोके फार दुखते आहे. पॅरासिटामॉल घेऊन झोपू का?

विसाव्या आठवड्यानंतर नवीन आणि तीव्र डोकेदुखी सुरू झाली तर गोळीआधी रक्तदाब मोजावा. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, चेहरा व हात सुजले असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १६०/११० च्या पुढे गेल्यास ती आणीबाणी आहे आणि तेथे रक्तदाब उतरवणारे लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन व फिट टाळणारे मॅग्नेशियम सल्फेट ही खरी औषधे आहेत. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही हेच लागू आहे, आणि तेव्हा "जागरणाने दुखत असेल" असे म्हणून हमखास दुर्लक्ष होते.

रक्तदाब ठीक असेल आणि दुखणे नेहमीच्या अर्धशिशीचेच असेल तर पॅरासिटामॉलसोबत मळमळ थांबवणारे मेटोक्लोप्रामाइड आणि अंधारी, शांत खोली यांनी पुष्कळदा उतार पडतो. न उतरल्यास सुमाट्रिप्टान या अर्धशिशीवरच्या औषधाचा विचार डॉक्टर करू शकतात.

पडून हाड मोडले आहे. अशा वेळी फक्त गोळ्या आणि सुयाच असतात का?

नाही, आणि येथे सर्वांत चांगला उपाय पुष्कळदा सर्वांत कमी वापरला जातो. मोडलेला भाग फळी लावून स्थिर केल्यावर निम्मी वेदना तशीच उतरते. त्यानंतर लिग्नोकेनसारख्या औषधाने त्या भागाची नस बधिर करता येते. औषध बहुतांशी तेथेच राहते आणि बाळापर्यंत फार थोडे पोहोचते. टाके घालताना, दात काढताना, गळू फोडतानाही हेच. हातापायाच्या एक्स-रेमध्ये बाळाला मिळणारे किरण नगण्य असतात, त्यामुळे तो नाकारू नये.

वीस आठवड्यांनंतर तिला पाठीवर सपाट झोपवू नये. गर्भाशयाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबते, रक्तदाब पडतो, आणि त्यात मॉर्फिन दिलेले असले तर आणखी पडतो. उजव्या कुशीखाली उशी किंवा घडी केलेली चादर सरकवून तिला डावीकडे कलते ठेवावे. पोटावर मार लागला असेल तर वार सुटली नाही ना हे पाहण्यासाठी निदान चार तास बाळाचे ठोके व गर्भाशयाच्या कळा पाहाव्यात, आणि आईचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास ७२ तासांच्या आत अँटी-डी हे इंजेक्शन द्यावे.

विंचू चावला तर?

डंखाच्या जागी बर्फ, पॅरासिटामॉल आणि गरज पडल्यास लिग्नोकेनने ती जागा बधिर करणे, एवढ्याने वेदना बरीच कमी होते. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, उलट्या किंवा दम लागणे ही विष अंगात भिनल्याची लक्षणे आहेत. मग रुग्णालयाशिवाय पर्याय नाही. मांत्रिकाकडे अर्धा तासही घालवू नये.

मलम लावले तर चालेल ना?

गरम पाण्याची पिशवी कमरेला बेताने शेकण्यासाठी चालेल. व्होलिनीसारख्या मलमांत डायक्लोफिनॅक असते आणि मूव्हसारख्यांत मिथाइल सॅलिसिलेट. त्वचेतून थोडे औषध आत जातेच, म्हणून शेवटच्या तिमाहीत ती टाळावीत.

रुग्णालयात कसे पोहोचावे आणि खर्च किती येईल?

महाराष्ट्रात १०८ वर फोन केल्यास रुग्णवाहिका येते. गरोदर मातांसाठी १०२ ही सेवाही आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात गर्भवतीला औषधे, तपासण्या आणि ने-आण मोफत मिळते. बाहेरून औषध आणायला सांगितले तर हा कार्यक्रम नाव घेऊन आठवून द्यावा.

घरी जाताना आणि बाळंतपणानंतर काय घ्यावे?

घरी सोडताना पॅरासिटामॉल किती वाजता आणि दिवसातून किती वेळा हे लिहून घ्यावे. सोबत सर्दीची कोणतीही मिश्र गोळी घेऊ नये. त्यातही पॅरासिटामॉल असल्याने डोस नकळत दुप्पट होतो. पोट कडक होत राहणे, रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, ताप, किंवा दोन डोसांनंतरही न उतरणारे दुखणे, यांपैकी काहीही झाले तर परत यावे.

बाळ जन्मल्यावर हिशेब उलटतो. मूत्रपिंडाचा त्रास किंवा फार रक्तस्राव नसेल तर आतापर्यंत वर्ज्य असलेले आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक चालते आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ते सुरक्षित मानले जाते. त्याऐवजी सांभाळायचे ते कोडीन आणि ट्रॅमाडॉल. काही स्त्रियांच्या शरीरात त्यांचे रूपांतर फार वेगाने होऊन दुधातून बाळाला अधिक मात्रा जाते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्तनपान करणाऱ्या मातांनी ती घेऊ नयेत असे सांगितले. ती कधी घेतली गेली असतील आणि बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपते, ओढून पीत नाही किंवा त्याचा श्वास संथ वाटतो असे दिसले, तर त्याला उठवून पाहत बसू नये. लगेच घेऊन यावे, आणि गोळीचे पाकीटही सोबत आणावे.